कूपाचा रस्ता कुठे जातो?

किनवटच्या जंगलाचा नकाशा मोबाइलवर मोठा करून पाहिला, की त्यात एक बारीक रेघ हमखास सापडते. डांबरी रस्ता सोडून ती सागवानात शिरते, टेकडीला वळसा घालते आणि पलीकडच्या गावाच्या थोडे अलीकडे थांबते. मध्ये जेमतेम किलोमीटरभराची फट. नांदेडजवळच्या विष्णुपुरीत बसून ग्रॅव्हल सायकलींवरच्या सफरीचा बेत आखणाऱ्या गटाला वाटते, एवढे अंतर सायकल हातात धरून पार करू. प्रत्यक्षात त्या फटीत खोल नाला असतो, बांबूचे दाट बेट असते, नाहीतर उभा उतार असतो. रस्ता तिथे संपतो, कारण त्याचे काम तिथे संपलेले असते. तो कूपाचा रस्ता. जंगलाचे तुकडे पाडून ठरलेल्या वर्षी ठरलेल्या तुकड्यातली झाडे तोडायची, तो तुकडा म्हणजे कूप. तोडलेला माल ट्रकमध्ये भरून आल्या वाटेने बाहेर काढण्यापुरता हा रस्ता पाडलेला असतो. गावाला गाव जोडण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

पैनगंगेच्या खोऱ्यातल्या बहुतेक कच्च्या वाटांचे असेच आहे. वाट कुणी पाडली आणि कशासाठी, हे ठाऊक असेल तरच ती कुठे नेईल ते सांगता येते. कुठे पाणी मिळेल, कुठे नदी ओलांडता येईल, कुठे माणूस भेटेल, हे सगळे त्या एका उत्तरात दडलेले असते. म्हणून या जंगलातून पंधरा-वीस जणांनी मिळून जायचे ठरवले, तर सामानाची यादी करण्याआधी वाटांचा इतिहास पाहावा लागतो. आणि तो इतिहास फार समृद्ध आहे. मोठ्या जमावाने, जड ओझ्यासह, दूरवर आणि वेळेत कसे जायचे, याची कला या मुलखात काही शतके जगली आहे.

विष्णुपुरी गोदावरीच्या काठावर आहे. काळेश्वराचे देऊळ, शंकरराव चव्हाणांच्या नावाने ओळखला जाणारा शंकर सागर जलाशय, 1981 साली सुरू झालेले श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि 1994 साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अशी तिची आजची ओळख. इथून ईशान्येकडे निघाले, की भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट आणि शेवटी माहूर. गोदाकाठची सपाट काळी जमीन मागे पडते, चढ सुरू होतात आणि शेतांच्या कडेला साग, पळस, मोह, धावडा दिसू लागतात. विष्णुपुरी ते माहूर हे अंतर सरळ रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते. जंगलातल्या वाटांनी ते किती भरेल, हे कोणत्या वाटा निवडल्या त्यावर ठरते.

यातल्या सगळ्यांत जुन्या वाटा माणसांच्या पायांनी पडल्या. माहूरला महानुभावांच्या ग्रंथांत मातापूर म्हणतात. रेणुकेचे ठाणे, दत्ताचे शिखर, अनसूयेचा डोंगर आणि महानुभावांचे देवदेवेश्वर एकाच परिसरात असल्यामुळे निरनिराळ्या पंथांची माणसे शतकानुशतके या डोंगरांकडे चालत आली. यात्रेकरूची वाट ओळखायला सोपी असते. ती चढ टाळत नाही, पण पाणी कधी सोडत नाही. विहीर, बारव, नाहीतर बारमाही झरा तिच्या हाताशी असतोच.

त्यानंतर आले बैल.

लमाणांचे, म्हणजे बंजाऱ्यांचे, बैलांचे तांडे सतराव्या शतकातल्या प्रवाशांनी पाहिले आणि थक्क होऊन लिहून ठेवले. इंग्रज व्यापारी पीटर मंडी याला 1632 साली उत्तर हिंदुस्थानात जो तांडा भेटला, त्यात 14,000 बैल होते. सगळ्यांच्या पाठीवर धान्य. बायकामुलांसह माणसे होती सहाशे ते सातशे. तांड्याची लांबी त्याने दीड मैल धरली आणि मजल दिवसाला सहा-सात मैलांची, तीही उन्हे तापण्याआधी. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. अरुंद रस्त्यावर असा तांडा समोर आला, तर तो पूर्ण निघून जाईपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असेही तो सांगतो.

दिवसाला सहा-सात मैल हा वेग आजच्या सायकलस्वाराला हास्यास्पद वाटेल, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. बैलाचा चारा बैलाच्याच पाठीवर लादला, तर विकायचा माल किती मावणार? म्हणून पहाटे चालायचे, ऊन चढण्याआधी तळ टाकायचा आणि उरलेला दिवस बैल मोकळे चरायला सोडायचे. तांड्याचे इंधन वाटेवरच उगवलेले असे. याच कारणाने लदेणीच्या, म्हणजे बैलांच्या पाठीवरून माल नेण्याच्या, वाटा गावांना टाळून, पडीक माळ आणि जंगलाच्या कडा धरून जात. उभ्या पिकांतून हजारो बैल नेले तर भांडणे ठरलेली. गवत आणि पाणी जिथे एकत्र सापडेल तिथे तळ, आणि एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत बैल न थकता जितका चालेल तितकी मजल. रात्री गोण्या एकावर एक रचून त्यांचीच भिंत करायची, भोवती कुत्री सोडायची. वेग कुणाच्या ताकदीवर ठरायचा? सगळ्यांत अशक्त बैलाच्या. हा नियम न पाळणारा तांडा माल वेळेवर पोचवू शकत नव्हता.

या सगळ्याचा निर्णय नायक घेई. कोणता माल घ्यायचा, कुठल्या बाजारात न्यायचा, कोणत्या दिवशी निघायचे, कुठल्या पाटलाशी किंवा सरदाराशी बोलणी करायची, हे त्याचे काम. नायकाची खरी परीक्षा निघण्याच्या आधी होई, कारण एकदा पाच-सहा हजार बैल जंगलात शिरले की मागे फिरणे जवळजवळ अशक्य.

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात अधिकारी असलेल्या कंबरलेज याने वणी भागातल्या बंजाऱ्यांची माहिती गोळा केली. त्यात भंगी आणि जंगी या दोन नायकांची परंपरेने चालत आलेली हकिगत आहे. शाहजहानचा वजीर असफखान 1630 च्या सुमारास दख्खनच्या मोहिमेवर आला, तेव्हा या दोघांचे 1,80,000 बैल आणि भगवानदास वडत्याचे 52,000 बैल त्याच्या फौजेला रसद पुरवत होते, असे परंपरा सांगते. आकडे परंपरेचे आहेत, त्यामुळे ते जपून घ्यावेत. पण त्याच हकिगतीतला ताम्रपट फार बोलका आहे. भंगी-जंगींना सोन्याच्या अक्षरांत लिहून मिळालेल्या त्या परवानगीत घरांतल्या रांजणांमधले पाणी आणि छपरांचे गवत घेण्याची मुभा होती, शिवाय दिवसाला तीन खून माफ होते. खुनांच्या माफीकडे सगळ्यांचे लक्ष जाते. खरी अडचण मात्र पहिल्या दोन गोष्टींत दिसते. उन्हाळ्यात इतक्या बैलांना पाणी पाजायचे म्हणजे गावाच्या रांजणापर्यंत हात घालायचा, आणि चारा संपला की लोकांच्या डोक्यावरचे छप्पर उपसायचे. वाटेवरच्या गावाने एवढ्या जमावाची किंमत कशी मोजली असेल, ते या ताम्रपटातून कळते. गट मोठा झाला की त्याचा भार वाटेवरच्या लोकांवर पडतो, ही गोष्ट आजच्या बेतातही विसरण्यासारखी नाही. उन्हाळ्यात एकच हातपंप असलेल्या वस्तीवर वीस जणांनी आपापल्या तीन-तीन बाटल्या भरायला उभे राहणे, हे त्याच गोष्टीचे छोटे रूप आहे.

आर्थर वेलस्लीच्या 1803 च्या दख्खन मोहिमेत, असईच्या लढाईच्या काळात, याच बंजाऱ्यांवर इंग्रज फौजेचे धान्य अवलंबून होते. तोफा, घोडे, शिस्त सगळे हाताशी असून तांडा कधी येतो याकडे सेनापतीचे डोळे लागलेले असत. वऱ्हाडचा कापूसही रेल्वे येण्याआधी बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई. वाटेत धूळ खाऊन आणि पावसात भिजून त्याचा कस उतरत असे, तरी दुसरा मार्गच नव्हता.

या तांड्यांची तुलना करावी अशी सायकलवरची एकच जुनी मोहीम डोळ्यांसमोर येते, आणि ती अमेरिकेतली आहे. 1897 च्या जूनमध्ये अमेरिकन लष्कराच्या 25 व्या पायदळ पलटणीतले वीस कृष्णवर्णीय शिपाई लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या हाताखाली माँटानातल्या मिझुला इथून सायकलींवर निघाले आणि 1,900 मैलांवरच्या सेंट लुइसला 41 दिवसांत पोचले. रस्ते कच्चे, पुष्कळ ठिकाणी रस्ताच नाही. प्रत्येकाने थोड्या दिवसांचा शिधा सायकलवर घेतला होता आणि बाकीचा दर शंभर मैलांच्या अंतराने रेल्वे स्टेशनांवर आधीच पोचवलेला होता. म्हणजे तळ आधी ठरले, मग मजला. चिकट मातीत चाके फिरेनात, तेव्हा शिपायांनी रेल्वेच्या स्लीपरांवरून आदळत-आपटत सायकली चालवल्या. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत खारट पाण्याने माणसे आजारी पडली. मॉस याने सायकलींचा, शिध्याचा आणि शिस्तीचा विचार उत्तम केला होता. पाण्याने मात्र त्याला गाठलेच. गवत आणि पाणी पाहून तळ ठरवणाऱ्या एखाद्या लमाण नायकाने त्याच्या आखणीत पहिले बोट तिथेच ठेवले असते.

आपल्याकडच्या सायकलस्वारांनीही पुढे असे धाडस केले. 1923 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यातल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी 1928 साली तो पूर्ण केला. सहातले तीन परतले, हाही गटाने जाण्याच्या इतिहासाचाच भाग.

लदेणी संपवली ती रेल्वेने. 1867 साली मुंबईची गाडी नागपूरला पोचली आणि वऱ्हाडच्या कापसाला बैलाची गरज उरली नाही. 1900 साली मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग नांदेडवरून गेला आणि दक्षिणेकडचा व्यापारही रुळांवर चढला. मीठ, धान्य, कापूस सगळे वाघिणीत. त्याआधीच, 1871 साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. फिरत्या माणसाकडे सरकार संशयाने पाहू लागले. हा कायदा 1952 साली रद्द झाला खरा, पण व्यापार गेला आणि फिरणेही अवघड झाले तेव्हा तांडे जिथे गवत-पाणी ओळखीचे होते तिथेच, जंगलाच्या कडेला, डोंगराच्या माथ्यावर स्थिरावले होते. पुसद, उमरखेड, माहूर, किनवट या पट्ट्यात आज नकाशावर इतके तांडे का दिसतात, याचे हे उत्तर आहे. वसंतराव नाईक 1913 साली जन्मले ते पुसदजवळच्या गहुलीला, अशाच एका तांड्यात. पुढे 1963 ते 1975 ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

म्हणून कच्च्या वाटेने जाणाऱ्या गटाने नकाशावर ‘तांडा’ हे नाव शोधावे. तिथे जाणारी वाट बहुतेक जुनी असते, चढ सोसवेल असा असतो, आणि वाटेच्या टोकाला पाणी आणि माणूस दोन्ही असतात. कूपाच्या रस्त्याच्या टोकाला यातले काहीच नसते.

पैनगंगा ओलांडण्याची गोष्ट वेगळी आहे. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि ही नदी दोन राज्यांची हद्द झाली. उत्तरेला वऱ्हाड, दक्षिणेला हैदराबाद संस्थान. किनवट तालुका तर 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. हद्दीवरच्या नदीवर पूल बांधायची घाई कोणत्याच सरकारला नसते. त्यामुळे इथे महत्त्व आले उतारांना, म्हणजे नदी पायी किंवा गाडीने ओलांडता येईल अशा उथळ जागांना. कोणता उतार कोणत्या महिन्यात चालतो, तळाला खडक आहे की गाळ, पाणी चढले तर किती वेळात चढते, हे नदीकाठच्या माणसाला पाठ असे.

1947-48 मध्ये या माहितीला जीवन-मरणाचे मोल आले. हैदराबाद स्टेट काँग्रेसने स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली संस्थान भारतात विलीन व्हावे म्हणून लढा सुरू केला, रझाकारांचे अत्याचार वाढले, आणि संस्थानच्या हद्दीबाहेर ठिकठिकाणी छावण्या उभ्या राहिल्या. नांदेडकडच्या कार्यकर्त्यांसाठी उमरखेडची छावणी होती, पैनगंगेच्या पलीकडे, भारताच्या हद्दीत. 1948 च्या जानेवारीत कार्यकर्त्यांनी उमरी इथली बँक लुटली आणि ती रक्कम उमरखेडच्या छावणीपर्यंत पोचवली. उमरी नांदेडच्या पूर्वेला, उमरखेड ईशान्येला. मध्ये निजामी पोलीस, रझाकार आणि नदी. अशा हालचालींत वाटेची आखणी म्हणजे कोणत्या गावात थांबायचे नाही, कोणत्या रस्त्याला लागायचे नाही, हे ठरवणे. नकाशावर सगळ्यांत सोयीची दिसणारी वाट इथे सगळ्यांत वाईट ठरे. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आले, आणि विष्णुपुरीच्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव व स्थापनेसाठी त्याच तारखेचा दिवस मिळाला. विद्यापीठाच्या फाटकातून माहूरच्या दिशेने निघणारा सायकलींचा गट या इतिहासाच्या अंगणातूनच बाहेर पडतो.

नकाशाचा विषय निघालाच आहे, तर या मुलखाने नकाशा काढणाऱ्यांकडूनही मोठी किंमत वसूल केली आहे. भारताच्या भूमापनाचा महान कंस, म्हणजे दक्षिणोत्तर मोजणीची रेषा, 78 अंश रेखांशाच्या जवळून उत्तरेकडे सरकत होता. त्याचा प्रमुख विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट 1819 सालीच कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात तापाने आडवा झाला होता, आणि त्याच्याबरोबरचे लोकही. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना हवा स्वच्छ असते, दूरचे शिखर दिसते, म्हणून ते त्याच दिवसांत जंगलात शिरले. मोजणीला उत्तम असलेला तो मोसम माणसाला सगळ्यांत घातक होता. लमाण पावसाळ्यात चालत नसत.

चालत नसत याला आणखी एक कारण होते, आणि ते सायकलवाल्याने नीट समजून घ्यावे. गोदावरीकाठची आणि पैनगंगेच्या खोऱ्यातली काळी कापसाची जमीन ओली झाली, की चाकाला पुरणासारखी थापली जाते. दहा पावलांत चाक आणि फोर्क यांच्यामधली जागा भरते, चाक फिरायचे थांबते, आणि मग काडीने चिखल उकरत बसावे लागते. मुरमाड माळावर मात्र तासाभराच्या पावसानंतरही सायकल व्यवस्थित चालते. बैलगाडीवाल्यांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता. म्हणून बऱ्याच जुन्या गाडवाटा जवळची काळी राने सोडून लांबच्या मुरमाड टेकाडावरून जातात. नकाशावर तो वळसा विनाकारण वाटतो. आखणी करणाऱ्याने तो छाटून सरळ शिवरस्ता धरला, की ऑक्टोबरात अवेळी आलेल्या एका सरीने सगळा गट शेतात अडकतो. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत जमीन कडक झालेली असते, नाल्यांत थोडे पाणी असते, दिवस लहान असला तरी ऊन सोसते. हाच इथला खरा मोसम. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा जंगल सुंदर दिसते, पण साग निष्पर्ण झालेला असतो, सावली नसते आणि वाटेवर पडलेल्या सुक्या पानांखाली दगड दिसत नाहीत.

आता पुन्हा कूपाकडे. निजामाच्या वनखात्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जंगलाच्या हद्दी आखल्या, साग राखीव केला आणि शिस्तशीर तोड सुरू झाली. त्या हद्दी आखताना गोंड, कोलाम आणि आंध यांच्या वस्त्या, त्यांची पडीक ठेवलेली शेते, त्यांच्या वाटा कुठे आहेत हे पाहिले गेले नाही. आदिलाबाद जिल्ह्यात, जोडेघाटच्या डोंगरांत, कोमराम भीमच्या नेतृत्वाखाली गोंडांनी केलेला उठाव 1940 साली गोळीबारात संपला. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला तिथे काम करू दिले. 1948 साली आदिलाबादच्या राजगोंडांवर त्याचा ग्रंथ निघाला. जंगलाच्या रेषेने गावेच्या गावे कशी उठली, हे त्याने पुन्हापुन्हा मांडले. किनवट तेव्हा याच जिल्ह्याचा तालुका होता, आणि इथल्या गोंड-कोलामांची कहाणी वेगळी नाही.

म्हणजे आज ज्या रिकाम्या, शांत जंगलरस्त्यांवर सायकल चालवायला मजा वाटते, त्यातले काही रिकामे आहेत कारण तिथली वस्ती हलवली गेली. हे लक्षात ठेवून जावे. तिथे अचानक आंब्या-चिंचेची जुनी झाडे एका ओळीत दिसली, तर एकेकाळी तिथे गाव असण्याची शक्यता असते, आणि मग जवळपास विहीरही असू शकते.

वनखात्याने पाडलेल्या वाटांत दोन प्रकार ओळखता यायला हवेत. कूपाचा रस्ता वळणे घेत, चढ सांभाळत जातो आणि मध्येच संपतो. जाळरेषा टेकडीची पर्वा न करता सरळ वर चढते. वणवा एका कक्षातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून झाडे-गवत साफ केलेला तो पट्टा. उन्हाळ्याच्या तोंडी तो जाळून मोकळा करतात. उपग्रहाच्या छायाचित्रात तो उत्तम रस्त्यासारखा दिसतो. त्यावर सायकल चालत नाही. खुंट, राख आणि सुटे दगड. पाठीवर सायकल घेऊन चढणारा गट मजलेचा अर्धा दिवस तिथे घालवतो.

कच्च्या वाटांवर हौसेने सायकल नेणाऱ्यांचा संघ इंग्लंडमध्ये 1955 साली लेमिन्स्टर गावी स्थापन झाला, रफ स्टफ फेलोशिप या नावाने. ग्रॅव्हल सायकलिंगला आजचे रूप देणारी कॅन्ससमधल्या एम्पोरियाची शर्यत 2006 साली सुरू झाली. रुंद टायर, वाकडे हँडल, हलकी फ्रेम हे सगळे तिथून आपल्याकडे आले. पण साधी काळी सायकल, मागे दुधाची किटली किंवा कापसाचे बोचके बांधून, किनवट-माहूरच्या गाडवाटांवर त्याआधी कितीतरी वर्षे चालत होती. चाकोरीत चाक घालायचे नाही, मधल्या गवताळ पट्ट्यावरून जायचे. उतारावर पुढचा ब्रेक जपून लावायचा. ट्यूबचे तुकडे आणि सोल्युशन जवळ ठेवायचे. हे ज्ञान इथल्या दूधवाल्यांकडून आणि गावोगाव फिरणाऱ्या पोस्टमनकडून शिकता येते.

या जंगलात शिरण्यासाठी ताम्रपट आजही लागतो, फक्त तो आता वनपरिक्षेत्र कार्यालयात मिळतो. नांदेड आणि यवतमाळ या जिल्ह्यांत पसरलेले पैनगंगा अभयारण्य 1986 साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे 325 चौरस किलोमीटर. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि सूर्यास्तानंतर तर नाहीच. हे केवळ कागदी बंधन समजू नये. 2019 च्या जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याची प्रत्येक मजल नोंदली गेली. पैनगंगा अभयारण्य, आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असे करत तो डिसेंबरपर्यंत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याने 1,300 किलोमीटरहून जास्त चाल केली होती. लोकांनी त्याला ‘वॉकर’ नाव दिले. तो बराचसा रात्री चालला, नाले आणि शेतांच्या कडा धरून, गावे टाळत. वाघांच्या या वाटा अजून जिवंत आहेत, आणि अंधार पडल्यावर त्या त्यांच्याच असाव्यात. म्हणून मुक्कामाचे गाव दिवस मावळण्याच्या पुरेसे आधी गाठता येईल अशीच मजल धरायला हवी, तीही गटातल्या सगळ्यांत हळू चालवणाऱ्याच्या वेगाने मोजून. पंक्चरसाठी आणि रस्ता चुकण्यासाठी लागणारा वेळ त्यात आधीच धरायचा.

मुक्कामाला इस्लापूर, किनवट आणि माहूर ही मोठी ठिकाणे सोयीची. इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा आहे आणि किनवट तालुक्यात उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. माहूरला मात्र यात्रेच्या दिवसांत जागा मिळत नाही. नवरात्र, दत्तजयंती आणि राखी पौर्णिमेची परिक्रमा हे दिवस पाहूनच तारीख ठरवावी.

कच्च्या वाटा झपाट्याने कमी होत आहेत. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने तांड्यांपर्यंत डांबर नेले, आणि 2021 पासून मातोश्री पाणंद रस्ते योजनेतून शेतांच्या वाटांवर मुरूम पडतो आहे. तांड्यातल्या बाळंतिणीला दवाखाना वेळेत गाठता यावा, याहून मोठे कारण रस्त्याला नको, आणि ग्रॅव्हल सायकलवाल्यांनी त्याबद्दल हळहळू नये. हळहळायचे तर एका वेगळ्या गोष्टीसाठी. लदेणीचे तळ कुठे होते, पैनगंगेचे कोणते उतार जानेवारीत चालतात, कोणत्या गाडवाटेला मुरमाचा वळसा का आहे, हे सांगणारी माणसे आता फार म्हातारी झाली आहेत आणि यातले फारसे कुठे लिहिलेले नाही. जीपीएसची नोंद प्रत्येक सायकलस्वाराच्या खिशात असतेच. तिच्यासोबत वाट कुणी पाडली, पाणी कुठे आहे आणि नाव काय, एवढे तिथल्याच माणसाला विचारून लिहून घेतले, तर इस्लापूर ते माहूर या पट्ट्यातल्या वाटांचा पहिला खरा नकाशा विष्णुपुरीहून निघालेल्या दोन-चार गटांनाही दोन हिवाळ्यांत तयार करता येईल.